दोन तोट्यांची टाकी

माझ्या मुलाला गणित मी स्वतः शिकवलं, हे मी आजवर चारचौघांत मिरवत आले. मंगळवारी रक्ताच्या डॉक्टरांच्या खोलीत ती हौस फिटली.

माझ्या हाडांच्या मज्जेत कॅन्सर आहे. त्याच मज्जेतून निघालेलं एक वाकडं प्रथिन हृदयात जाऊन साचतंय. त्याला अमायलॉइडोसिस म्हणतात. नाव एवढं लांबलचक, की ते नीट म्हणता येईपर्यंत निम्मं आयुष्य सरावं. हृदयाचे डॉक्टर आपल्यापुरतं बघून म्हणाले, "उपचार न केल्यास दोन वर्षं." रक्ताचे डॉक्टर त्यांच्यापुरतं म्हणाले, "पाच." एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा जशा, तसे हे दोघे. एकमेकांच्या पातेल्यात डोकावायचं नाही.

मुलानं लगेच हिशोब केला. "दोन आणि पाच, सरासरी साडेतीन! मग घाई कसली, आई? आधी घरातल्या फरशीचं काम उरकू. तीन महिन्यांनी उपचार सुरू करू."

"खरंच," सून म्हणाली. "घरभर धूळ, त्यात आईंना इंजेक्शनं."

डॉक्टर फाइलीत बघत मान डोलावत होते. नातेवाईक खूश, तर डॉक्टर खूश.

मी पर्समधून पेन्सिल काढली. "बाळा, सातवीतलं गणित. भरलेली टाकी एक तोटी दोन तासांत रिकामी करते, दुसरी पाच तासांत. दोन्ही सोडल्या तर?"

"आई, इथे?"

"इथेच. गणिताच्या बाईंच्या मुलाला सुट्टी नसते."

"साडेतीन," तो पुटपुटला.

"म्हणजे दुसरं भोक पाडलं की टाकी जास्त टिकते? चल, अजून चार पाडू. अमरच होईल."

सून फिसकन हसली आणि लगेच पदरानं डोळे पुसू लागली. तिला उत्तर आलं होतं.

डॉक्टरांनी घसा खाकरला. "बाई, माणूस म्हणजे टाकी नव्हे. नेमका आकडा हृदयाच्या तपासण्यांवर, औषध किती लागू पडतं त्यावर..."

"कबूल. पण दोनहून जास्त की कमी?"

त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "दोन्ही आजार एकत्र असले की कमीच."

"आणि औषध?"

"दोन्ही तोट्या आवळता येतील. पण हृदयाला औषध सोसतंय तोवरच. तीन महिन्यांनी सोसेल, असं मी म्हणणार नाही."

"मग मघाशी मान कशाला डोलावत होता?"

ते छताकडे बघू लागले. काही मुलं तोंडी परीक्षेत तिथेच उत्तर शोधतात.

मुलगा रिपोर्टच्या पाठीवर खरडत होता. "एक पूर्णांक तीन सप्तमांश," तो म्हणाला.

मी पुढे बरोबरची खूण केली. "उशिरा आलं, पण आलं."

गुरुवारपासून उपचार ठरले. बाहेर येऊन त्यानं फरशीवाल्याला फोन लावला, काम थांबवायला सांगितलं. पलीकडून तो विचारत होता, मग पुढची तारीख कोणती? मुलानं फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"सांग त्याला," मी म्हटलं, "सरासरी काढून कळवतो."