बिनकडीचं दार

"त्येंच्या संगतीचे समदे मेले की हो," सोजरबाई म्हणाली. "जित्ता मानूस आता मी कुठून आनू?"

ठोंबरे वकिलांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. ते तिच्याकडून फी घेत नव्हते, म्हणून त्यांचं कडू बोलणंही ती मुकाट ऐकून घ्यायची.

"मेलेल्यांची साक्ष होत नाही, आजी. वरच्या कोर्टानं फेरसुनावणी दिली हेच नशीब. या खेपेला डोळ्यांनी पाहिलेलं कुणी उभं केलं नाही, तर विषय कायमचा मिटला."

"मिटला म्हंजी?"

"म्हणजे तुमचे मालक लिंबाजी तोडकर बोगस, हे कायमचं ठरलं."

तोवर गावात बोगस फक्त बियाणं असायचं. चार वर्षांपूर्वी तो शब्द लिंबाजीला चिकटला आणि त्याच्याबरोबर सरणावर गेला. निजामाच्या अमलात सीना नदीच्या काठी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. सरहद्दीपलीकडच्या मुक्तिलढ्याच्या कॅम्पातून लिंबाजी तिघा सोबत्यांना घेऊन आला आणि त्यानं तो नाका जाळला. नाका ओस होता, असं पेन्शनच्या अर्जात लिहिलं होतं आणि दर सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, शाळेच्या पटांगणात लिंबाजीही तेच सांगायचा. त्यावर पेन्शन मिळाली, ती सुखानं चाललीही. मग जिल्ह्यात खोट्या स्वातंत्र्यसैनिकांची चौकशी निघाली आणि कुणीतरी निजामाच्या पोलिसांचं जुनं दप्तर उकरलं. त्यात भलतंच होतं. नाक्यावरचा जवान कासमसाब दारू पिऊन, विडी पेटवून झोपला, त्यातून आग लागली, तो जळून मेला. म्हणजे लिंबाजीनं काहीच केलं नव्हतं.

गंमत अशी, की गावाला दोन्ही गोष्टी पहिल्यापासून ठाऊक होत्या. दारूड्या कासमसाबची गोष्ट म्हातारे पारावर सांगायचे, लिंबाजीची गोष्ट मास्तर पटांगणात सांगायचे. दोन्ही एका जागी ठेवून कधी कुणी पाहिल्या नाहीत. तेवढी सवड कुणाला होती!

सोजरबाईला राग लोकांचा नव्हता, नवऱ्याचा होता. चौकशीच्या साहेबापुढं तो मुका झाला होता. ती घरी येऊन त्याच्यावर तुटून पडली होती, "तोंडाला कुलूप घातलंय का? सांगा की त्येला!" त्यावर लिंबाजी आपल्या उजव्या तळव्याकडं बघत नुसता म्हणाला, "असू दे." त्या तळव्यावर गुऱ्हाळाच्या काहिलीत भाजल्याचा जुना डाग होता. पुढं वर्षभरात तो गेला. अंगावर तिरंगा नाही, सलामी नाही, साधा तलाठी फिरकला नाही. ती गोष्ट तिच्या काळजात सलत होती. पैशावाचून तिचं अडत होतंच, पण पैशासाठी ती एसटीच्या एवढ्या पायऱ्या झिजवत नव्हती.

दुपारच्या गाडीनं ती गावात उतरली. तोडकरांच्या दाराला कडी नव्हती. आतून नाही, बाहेरून नाही. जाताना दार नुसतं ओढून घ्यायचं आणि रात्री आतून दगड सरकवायचा. नवी नवरी होऊन ती आली तेव्हाच तिनं हे विचारलं होतं. लिंबाजी म्हणाला होता, "भूमिगत मानसाला दार मोकळं लागतं." मग तिनंही ते चार बायांत मिरवलं. एकदा चोर तांब्याचा हंडा घेऊन गेला, तिनं सुताराला बोलावलं, तर लिंबाजीनं सुताराला उंबऱ्यावरूनच परत धाडलं. एरवी तो गरीब माणूस, पण त्या दिवशी त्याच्याकडं बघवत नव्हतं.

समोरच्या ओसरीवर मैमूनबी तूर पाखडत होती. नवरा पिंजारी होता, तो कधीच वारला. मैमूनबी लोकांच्या गाद्या शिवून द्यायची. ही कासमसाबची लेक. दोघी विधवा, समोरासमोर राहायच्या, एकमेकींच्या घरचं कालवण एकमेकींना पाठ होतं.

"काय म्हनला वकील?" मैमूनबीनं विचारलं.

सोजरबाई तिथंच तिच्याजवळ टेकली. ती शिणली होती, उन्हानं डोकं तापलं होतं. नको ते तोंडातून गेलं.

"काय म्हननार? तुह्या बापानं ढोसली, इडी पेटीवली, अन् मह्या मालकाच्या नावाला काळं लागलं."

मैमूनबीचं सूप थांबलं. तिनं ते हळूच बाजूला ठेवलं.

"वैनी, मह्या बापानं उभ्या जन्मात दारूला हात लावला न्हाई."

"दप्तर खोटं बोलतंय व्हय?"

"खोटंच बोलतंय. चार पोरं येऊन नाका जाळून गेली, हे वरच्यांना सांगितलं आस्तं तर नाक्याच्या जमादाराची नौकरी गेली आस्ती. मेलेल्या मानसाला दारू पाजायला काय लागतंय?" तिनं पदराला हात पुसले. "मी व्हते तितं."

"तू?"

"ल्हान पोर व्हते. अब्बाला भाकर घिऊन गेले व्हते. अंधार पडला म्हनून अब्बानं ठिवून घेतलं. त्यो आत निजला, मी मागच्या पडवीत. जाग आली तवा धूर. पडवीचं छप्पर पेटलं व्हतं. एक बाप्या आत घुसला, त्यानं मला उचललं. वरून जळता वासा आला त्यो त्यानं हातानं झेलला. म्हनला, डोळे मीट, बाय. मी वरडत व्हते, अब्बा आत हाय, अब्बा आत हाय. मला शेतात टाकून त्यो माघारी पळाला, तर त्येच्या संगतीच्यांनी धरला त्येला. तवर छप्पर बसलं."

"कोन बाप्या?"

"आता कोन म्हनून काय इचारायलीस," मैमूनबी म्हणाली. "तुझाच."

सोजरबाई उठली. "ऊठ. जा तुह्या घरात. इतकी वरसं मह्या हातचं खाल्लंस, अन् आज..."

"मी मह्याच ओसरीवर बसलेय, वैनी."

"मंग तवाच का न्हाई बोललीस?"

"कुनापुढं बोलू? त्येच्या गळ्यात हार, मह्या बापाच्या तोंडाला दारू. मी वाट बघितली. त्यानं येऊन एकदा चुकलं म्हनावं. रोज दारावरून जायचा, मान खाली घालून. न्हाई म्हनला. शेवटपतुर न्हाई म्हनला." तिनं सूप पुन्हा जवळ ओढलं. "मी येते साक्षीला. त्यो बोगस ठरला तर महा बाप दारूडाच ऱ्हायला की. पन समदं सांगन. दाराला भाईरून कडी घातलेली व्हती, ते बी सांगन. अर्धं सांगनार न्हाई."

सोजरबाई रस्ता ओलांडून घराशी आली. दार ढकलायला तिनं हात पुढं केला आणि हात तसाच राहिला. चौकटीवर, कडी उपटली तिथं, दोन भोकं होती. उभ्या संसारात तिनं ती शेणामातीनं लिंपली होती, ती पुन्हा पुन्हा उघडी पडायची. माणूस आत असताना कुणी दार लावू नये. एवढंच होतं ते. आणि आपण बायांना काय सांगत बसलो! ती उंबऱ्यावरच बसली आणि खूप वेळ रडली. कुणासाठी रडतेय, हे तिचं तिलाही उमगत नव्हतं.

मधले दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. सुनावणीच्या दिवशी सकाळी सोजरबाई समोरच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चल. एसटी येईल."

कचेरीच्या जिन्याखाली वकिलांनी मैमूनबीचं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"आजी, अर्जात नाका ओस होता असं लिहिलंय. सहीसकट. ही बाई आत माणूस होता म्हणणार. म्हणजे आपणच आपला अर्ज खोटा पाडतोय. यांना एवढंच सांगू द्या, की लिंबाजीरावांना आग लावताना पाहिलं. बापाचं कशाला मधे?"

सोजरबाईनं मैमूनबीकडं पाहिलं. ती चपलेच्या अंगठ्यानं फरशी उकरत होती.

"तिचा बाप हाय त्यो," सोजरबाई म्हणाली. "तिला काय बोलायचं ते बोलू द्या."

सुनावणीचा साहेब तरुण होता, चांगला वागला. बसायला खुर्ची दिली. मैमूनबी उभीच राहिली. तिनं भाकरीपासून सुरुवात केली. धूर झाला, पडवी झाली, वासा झाला. मग ती अडखळली. मागच्या बाकावर गावची चार माणसं कान टवकारून बसली होती. मैमूनबीची नजर सोजरबाईकडं गेली.

"मग? तुमचे वडील बाहेर का नाही आले?" साहेबानं विचारलं.

मैमूनबीच्यानं ते सोजरबाईच्या तोंडावर बोलवेना.

"सांग," सोजरबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "कडीचं बी सांग."

मग मैमूनबीनं सांगितलं. कडी कुणी घातली, हे तिला माहीत नव्हतं. माहीत नाही, असंच ती म्हणाली.

"अंधारात, त्या वयात तुम्ही माणूस ओळखला कसा?"

"पुढं राज्य बदललं अन् हे गावात माघारी आले, हाताला फडकं गुंडाळून. उजवा तळवा. पारापाशी एक दिवस मह्याशी बोलले, 'बाजूला सर, बाय.' त्योच आवाज."

साहेबानं फाईल मागं उलटत नेली. पेन्शनच्या पहिल्या कागदावर, ओळखीच्या खुणेपुढं, उजव्या तळहातावर भाजल्याचा व्रण असं होतं. त्यानं सोजरबाईला विचारलं, "हे कशानं झालं, सांगितलं होतं का त्यांनी?"

"काहिलीत भाजलं म्हनायचे," ती म्हणाली. "आमच्यात कवाच गुऱ्हाळ नव्हतं, साहेब. ते माझ्या आता ध्यानात आलं."

निकाल पोळ्याच्या सुमाराला आला. तलाठी स्वतः घेऊन आला, ज्यानं लिंबाजीच्या मातीला तोंड दाखवलं नव्हतं तोच. ओसरीवर माणसं जमली. मास्तर म्हणाले, यंदा झेंडा आजींच्या हातून. कुणी पेढ्यांचं काढलं. सोजरबाई म्हणाली, "पेढे न्हाईत. च्या घ्या."

तलाठ्यानं कागद वाचून दाखवला. लिंबाजी तोडकर यांचा सहभाग सिद्ध होतो, निवृत्तिवेतन पूर्ववत. मैमूनबी खांबाला टेकून मागं उभी होती.

"मह्या बापाचं काय हाय त्येच्यात?"

"आहे एक ओळ. नाका जाळताना कामावर असलेला जवान कासमसाब आत अडकून मरण पावला."

"दारूचं?"

"दारूचं काही नाही."

"परत वाचा बरं," ती म्हणाली. त्यानं परत वाचलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि ती खाली बसली.

माणसं पांगली. जाताना जो तो लिंबाजीच्या फोटोकडं बघत होता, पण कुणी हात जोडले नाहीत. बोगस हा शब्द गेला होता. त्याच्या जागी काय म्हणायचं, ते अजून गावाला सुचलं नव्हतं.

मैमूनबी कपबशा विसळून उठली. रस्त्यावर उतरताना तिनं चौकटीवरच्या भोकांवरून बोट फिरवलं.

"आता तरी कडी बसीव, वैनी. घरात पैका यील. येकटी बाई तू."

"ऱ्हाऊ दे."

"त्यो गेला की आता."

"म्हनूनच," सोजरबाई म्हणाली.

मैमूनबी रस्ता ओलांडून आपल्या घरात गेली. सोजरबाईनं दार लोटलं आणि दगड सरकवला. दाराला टेकू न देता तो तिनं अलीकडंच ठेवला, बाहेरच्यानं ढकललं तर दार उघडेल एवढ्या अंतरावर.