सातव्या डावातला अबोला

बेसबॉलच्या नऊ डावांपैकी सातवा संपला तेव्हा ओरिन टॅलबर्ट बाकाच्या एका टोकाला एकटाच बसला होता आणि बाकीचे आम्ही सगळे दुसऱ्या टोकाला दाटीवाटीने. भांडण झालं नव्हतं. सात डावांत समोरच्या एकालाही ओरिनच्या चेंडूवर धड फटका मारता आला नव्हता, आणि असं चालू असताना पिचरशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याशी, कुणी बोलत नाही. बोललं की नजर लागते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडणाऱ्याला महिनाभर कुणी जेवायला शेजारी बसू देत नाही.

पिचरकडे बघायचंही नसतं. त्यामुळे ओरिन उजवं कोपर मांडीवर दाबून धरतोय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी कॅचर. तीन वर्षं, तीन गावं, त्याचा प्रत्येक चेंडू मीच झेलला. लहान मुलाबरोबर मावशीला धाडावं तसं क्लबने मला त्याच्याबरोबर धाडलं होतं. पहिल्या गावात तो अठरा वर्षांचा. चेंडू जोरात जायचा, पण कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसायचं. दुसऱ्या गावात तो निशाण्यावर यायला लागला. आता आयोवात होतो. यावर आणखी एकच पायरी, मग सगळ्यात वरची मेजर लीग.

ग्लोव्हमध्ये चेंडू येतो तो आवाज मला कळतो. सहाव्या डावापासून तो बसका यायला लागला होता. शेवटी मी उठलो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. चर्चमध्ये कुणी शिट्टी वाजवावी तसं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कोपर?"

"आजोबा, उठा इथून. पोरं बघताहेत." मी एकतीस वर्षांचा आहे, पण संघात मला आजोबाच म्हणतात.

"दुखतंय का, तेवढं सांग."

त्याने तोंडासमोर ग्लोव्ह धरला. "दोन बोटं कळतच नाहीयेत. टोपीवाला आलाय ना?"

टोपीवाला म्हणजे वरच्या ऑफिसचा माणूस. वेग मोजायचं यंत्र घेऊन तो जाळीमागे बसला होता.

"आलाय."

"मग झालं तर. दोन डावांत सहाच जण बाद करायचेत. कुणाला सांगाल तर माझी शपथ आहे."

मी पॅड बांधत होतो, तेवढ्यात आमचे मॅनेजर होलब जवळ आले. "ड्वेन, पोराचा हात कसाय? मला लांबून काय कळत नाही. तू झेलतोस, तुला ठाऊक."

एकविसाव्या वर्षी मला असंच गुडघ्याबद्दल विचारलं होतं. मी खरं सांगितलं. महिनाभर बसवलं मला. त्या महिन्यात माझ्या जागी आलेला वर गेला, आणि मी अजून याच बसने गावोगाव फिरतोय.

"ठणठणीत आहे," मी म्हणालो.

कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर खुणेने सांगतो; शेवटचे दोन डाव मी त्याच्याकडे वेगवान चेंडू मागितलाच नाही. संथ, फसवे चेंडू टाकत त्याने सहाही जण काढले. टोपीवाल्याला ती पोराची अक्कल वाटली म्हणे. सगळा संघ त्याच्या अंगावर उड्या मारायला धावला, तेव्हा मी उजव्या बाजूने त्याला कवेत घेऊन उभा राहिलो. माझ्याच पाठीत दोन-चार गुडघे बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होलबनी सांगितलं, ओरिन वर जाणार, आजच. त्याला गाडीपर्यंत पोहोचवताना मी म्हणालो, "गेल्या गेल्या डॉक्टरला दाखव."

"दाखवतो."

"कधी?"

"जरा जम बसू द्या की, आजोबा."

हे उत्तर येणार, हे मला आदल्या दिवशीच ठाऊक होतं. आपण याचं भलं केलं की वाटोळं, ते मला ठरवता येईना. भीती मात्र वाटत होती, आणि लाजही.

निरोप द्यायला पोरं गाडीपाशी रांगेने उभी होती. ओरिनने प्रत्येकाशी डावा हात मिळवला.

"बघा, साहेबांचा उजवा हात आता आपल्यासारख्यांना नाही मिळायचा," कुणीतरी म्हणालं.

"मेजर लीगचा माल आहे तो. लांबूनच नमस्कार करा."

होलबसुद्धा पोट धरून हसले. ओरिन माझ्यापाशी आला, त्याने डावा हात पुढे केला. सगळे बघत होते, म्हणून मीही हसलो.