बाळ का रडलं नाही?

विहिरीवरच्या पंपाच्या, मोटारीच्या खोलीचं पत्र्याचं दार आतून दणाणत होतं.

"मामा, दार उघडा! एकदा तरी पाजू द्या हो त्याला!"

बाहेर बाजेवर सर्जेराव काठी घेऊन बसले होते. त्यांनी बसल्या जागेवरूनच दारावर काठी हाणली. "गप बस! पुन्यांदा आवाज आला तर याद राख!"

आत कोंडलेली बाई कोणी चोर नव्हती. ती त्यांचीच सून होती. सुप्रिया, ओली बाळंतीण!

ही गोष्ट २०२१ सालच्या मे महिन्यातली. ते दिवस आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. बारामती असो की इंदापूर, ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की माणसं दारं लावून घेत. सर्जेरावांचे थोरले भाऊ आबासाहेब आपल्या पायांनी चालत दवाखान्यात गेले आणि परत आलेच नाहीत. घरच्यांना त्यांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्या दुःखातून घर सावरतंय तोच नववा महिना लागलेल्या सुप्रियाची कोरोनाची तपासणी पॉझिटिव्ह आली.

आजार तसा सौम्यच होता. थोडा ताप, थोडा खोकला. बारामतीच्या एका दवाखान्यात ती सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. बाळाची तपासणी निगेटिव्ह आली. घरी सोडताना डॉ. वैदेहींनी बजावून सांगितलं, "आईनं मास्क लावायचा, साबणानं हात धुवायचे आणि बाळाला अंगावर पाजायचं. एरवी बाळाचं अंथरूण जरा लांब ठेवा, पण पाजणं थांबवू नका."

सांगवीच्या वस्तीवर गाडी थांबली आणि सगळं उलटंच घडलं. सर्जेरावांनी बाळ उचलून बायकोच्या, शकुबाईंच्या ओटीत टाकलं आणि सुनेचा दंड धरून तिला विहिरीवरच्या खोलीत ढकललं.

"ह्या रोगानं माझा भाऊ खाल्ला. नातू न्हाय खाऊ देणार!"

नवरा ऋषिराज तिथंच उभा होता. लोणी देवकरच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसं होती, पण घरी वडिलांपुढं त्याचा शब्द फुटत नसे. तो मान खाली घालून आत गेला.

शकुबाईंनी गाईच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं बाळाच्या तोंडात थेंब पिळले. पहिल्या दिवशी बाळ इतकं रडलं की त्याचा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी ते निवांत झालं.

"गुणाचं हाय माझं सोनं," शकुबाई म्हणाल्या. "बघा कसं गपगार झोपलंय."

विहिरीवरच्या खोलीत सुप्रियाची छाती दुधानं दगडासारखी झाली होती. रडणं ऐकू येत होतं तोवर तिनं कसाबसा धीर धरला. रडणं थांबलं तसा तिचा धीर सुटला. सर्जेराव तेवढ्यात घराकडं जेवायला गेले होते. कोपऱ्यात मोटार खोलायचा लोखंडी पाना पडला होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि कडीच्या जागी दारावर घाव घातले. एक, दोन, आणखी कितीतरी. कडी उखडली, दार भिंतीवर आदळलं आणि सुप्रिया घराकडं धावत सुटली.

ओसरीवर शकुबाईंच्या मांडीवर बाळ होतं. तिनं हात पुढं केला.

सर्जेरावांची काठी त्या हातावर बसली.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सुप्रिया किंचाळून खाली कोसळली. दुसरी काठी तिच्या पाठीवर बसली.

"बाबा!" ऋषिराज ओरडला. दोन दिवस गप्प बसलेला तो माणूस आता पिसाळल्यासारखा झाला. त्यानं भिंतीला टेकवलेला ऊसतोडीचा कोयता उचलला. "पुन्हा काठी उचलली तर हात तोडीन!"

"तोड की! बापाचा हात तोड! बायकूचा बैल झालायस तू!"

सर्जेरावांची काठी ऋषिराजच्या खांद्यावर बसली. ऋषिराजनं कोयता फिरवला. सर्जेराव बाजूला सरले म्हणून वाचले. पातं त्यांच्या कानाजवळच्या लाकडी खांबात रुतलं. दुधाची बादली कलंडून खणखणत अंगणात गेली. शकुबाई ऊर बडवून ओरडू लागल्या, गोठ्यातली जनावरं दावी तोडू लागली. ऋषिराज खांबातला कोयता हिसडून काढत होता. तो निघाला असता तर त्या ओसरीवर एक मुडदा पडला असता!

"थांबा!"

शेजारच्या रानातून नीळकंठ गुरुजी धापा टाकत आले होते. या बापालाही आणि लेकालाही अक्षर त्यांनीच शिकवलं होतं. ते दोघांच्या मधे शिरले. सर्जेरावांनी त्यांना ढकललं. म्हातारा माणूस, पायरीवर आपटला, कपाळ फुटलं. मास्कवर रक्त ओघळलं. तरी ते उठले आणि पुन्हा मधे येऊन उभे राहिले.

वर्गात गोंगाट झाला की गुरुजी कधी आवाज चढवत नसत, उलट खाली आणत. आताही ते अगदी हळू बोलले.

"मारा रे, खुशाल मारा एकमेकांना. पण त्याआधी एवढं सांगा. दार फुटलं, बादली पडली, पोरगी किंचाळली, शकुबाई गळा काढून ओरडल्या. एवढ्या दंग्यात बाळ का रडलं नाही?"

सर्जेरावांची काठी खाली आली.

सगळ्यांच्या नजरा शकुबाईंच्या मांडीकडं वळल्या. बाळ तसंच पडून होतं. गुरुजींनी वाकून त्याच्या तळव्यावर टिचकी मारली. पाय जेमतेम हलला. तळवा गार होता.

"लंगोट कधी बदललात?"

"काल सांच्याला," शकुबाई लंगोट चाचपत म्हणाल्या. "तवापासनं कोरडाच हाय, गुर्जी."

गुरुजी सर्जेरावांकडं वळले. "तू जन्मभर गाई सांभाळल्यास. गोठ्यात नवं वासरू असं पडून राहिलं असतं, तर काय म्हणाला असतास?"

सर्जेरावांच्या तोंडून सवयीनं उत्तर निघालं, "पोटात चीक गेला न्हाय, म्हनलं असतो..."

बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. पण भीती काही एवढ्यानं जात नसते. "पर गाईला कोरोना न्हवता! हिचा रोग दुधातनं पोराला गेला म्हंजी?"

"रोग दुधातनं जात नाही. नाकातोंडातल्या श्वासातनं, खोकल्यातनं जातो. म्हणून तर मास्क लावायचा आणि हात धुवायचे. उलट आईचं पहिलं दूध बाळाला रोगाशी झगडायची ताकद देतं. डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं ना? भावाला तू वाचवू शकला नाहीस, त्याचा राग तू ह्या पोरीवर काढतोयस. आणि ऋषिराज, तू! काल तोंड उघडलं असतंस, तर आज कोयता उचलायची वेळ आली नसती."

ऋषिराजच्या हातून कोयता गळून पडला.

सर्जेरावांनी काठी अंगणात भिरकावली. "गाडी काढ, ऋषी! बघतोस काय!"

गाडीत सुप्रियानं मास्क नीट ओढून घेतला. हात साबणानं आधीच धुतले होते, ऋषिराजनं पाणी ओतलं होतं. बाळाला ओढायचीही शक्ती नव्हती. मोडका हात मांडीवर टाकून ती दुसऱ्या हातानं घट्ट, पिवळसर दुधाचे थेंब त्याच्या ओठांवर पिळत राहिली. गाडी बारामतीत शिरता शिरता बाळानं एकदा जीभ हलवली. तिला हुंदका फुटला.

डॉ. वैदेहींनी बाळाला तपासलं, उबेत ठेवलं, सलाइन लावलं. रक्तातली साखर पार खाली गेली होती, अंग थंडगार पडलं होतं. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या त्या रागानंच.

"कोरोनानं याला काहीही केलेलं नाही. तुम्ही त्याला उपाशी ठेवलंत! आणखी उशीर केला असतात तर मूल हाती लागलं नसतं. आता वाचेल, पण आई त्याच्याजवळ हवी." मग त्यांनी सुप्रियाचा सुजलेला हात पाहिला. "हे कसं झालं?"

सुप्रियानं खाली पाहिलं. "पडले..."

"पडली न्हाय ती," सर्जेराव मधेच म्हणाले. "मी मोडला तिचा हात. काठीनं. पोलिसात कळवायचं आसंल तर कळवा, बाई. मी हितंच बसलोय."

डॉक्टरांनी सुप्रियाकडं पाहिलं. "तक्रार करायचा तुझा हक्क आहे. तू म्हणशील ते."

सुप्रियानं मान वर केली. मग तिनं पहिल्यांदाच सासऱ्यांच्या डोळ्याला डोळा दिला. "मामा, माझं बाळ माझ्याजवळच राहील. ह्या घरात कुणावरही पुन्हा हात उठणार नाही. हे आत्ता सगळ्यांसमोर बोला. उठला, तर मी गप्प बसणार नाही."

"बोललो, पोरी. सगळ्यांम्होरं बोललो." आणि तो दांडगा माणूस दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला.

बाळ वाचलं. घरी आल्यावर एक अडचण उभी राहिली. सुप्रियाच्या एका हाताला प्लास्टर. पाजण्याआधी दुसरा हात साबणानं धुवायचा कसा? शकुबाई उठायच्या आत सर्जेराव तांब्या आणि साबण घेऊन दारात आले. स्वतःचा मास्क सारखा करून ते खाली बसले. "हात पुढं कर, पोरी." काठी धरणाऱ्या त्याच हातांनी त्यांनी तिची बोटं एक एक करून चोळली, पाणी ओतलं आणि पाठ फिरवून बाहेर जाऊन बसले. थोड्या वेळानं आतून बाळाच्या चुटुचुटू पिण्याचा आवाज आला. पुढं प्लास्टर निघेपर्यंत, दिवसा असो की पहाटे, बाळ रडलं की सर्जेराव तांब्या घेऊन उठायचे.

वाचकहो, आजारी पडणं हा गुन्हा नाही आणि आई हे तर रोगाचं गाठोडं नव्हेच. आईला असा आजार झाला, तर बाळ कधी लवकर जन्मतं, वजनाला कमी भरतं. त्याला जास्त जपावं लागतं. वेळेवर तपासावं, लसी द्याव्यात, डॉक्टरांचं ऐकावं. पण जपायचं म्हणजे आईपासून तोडायचं नव्हे! भीती खरी असते, पण तिच्या हाती काठी दिली की ती ज्याला वाचवायला निघते त्याचाच जीव घेते. म्हणून घाबरलात तर मारू नका, कोंडू नका. जाणत्या माणसाला विचारा. आणि घरात कुणी चुकत असेल, तर पहिल्याच दिवशी बोला!