सरकारी कपाटातला सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या बुडाशी 'सरकारी मालमत्ता' अशी चिठ्ठी डकवलेली आहे. अलास्कात घरीच शिकणाऱ्या मुलांना सरकार पुस्तकं, शिक्षक आणि माझ्यासारखी उपकरणं पुरवतं. कारखान्यातून मी थेट त्याच कामाला लागलो.

पहिल्या दोन घरांत मला कुणी विचारलं नाही. एका घरी तर माझ्यावर ओल्या टोप्या वाळत घालायचे. मग छोट्या विमानातून मी युकॉन नदीकाठच्या गावात, अकरा वर्षांच्या एफीकडे आलो. दहा मुलंही उरली नाहीत म्हणून तिथली शाळा बंद पडली होती. एफीने माशाचा खवला माझ्याखाली ठेवला आणि त्यावरची, दर वर्षाला एक अशी वाढलेली वर्तुळं मोजली.

"आजोबा, हा मासा सात वर्षांचा आहे!" ती शेजारी बसलेल्या आजोबांना म्हणाली.

"असं होय? मग माझाही एखादा खवला काढून बघ की!"

तेव्हापासून मासा कापला की गावातले लोक खवले आमच्याकडे पाठवू लागले. माझं असं कौतुक कधीच झालं नव्हतं. मी अगदी हुरळून गेलो.

सप्टेंबरात सगळे मूस नावाच्या भल्यामोठ्या हरणाच्या शिकारीला नदीच्या वरच्या अंगाला निघाले. एफीच्या यंदाच्या अभ्यासाच्या आराखड्याचा कागद सही करून महिनाअखेरपर्यंत सरकारकडे पाठवायचा होता. विसरायला नको म्हणून तिच्या आईने, लॉरेनने, तो चहाच्या डब्यात ठेवला. आणि डबाच होडीतून शिकारीला गेला!

परतले तोवर तारीख उलटली होती. एफीसाठी सरकारने नेमलेल्या शिक्षिकेचा शहरातून फोन आला. "लॉरेन, मी खूप विनवण्या केल्या गं. पण ज्या मोजणीवर सरकारी पैसे मिळतात, ती मुलांची मोजणी झाली. यंदा एफीचं नाव नाही. वस्तू परत पाठवाव्या लागतील."

"शिकारीला गेलो नसतो तर हिवाळाभर खाल्लं काय असतं? आणि चूक माझी आहे बाई, पोरीला कशाला शिक्षा?"



एफीने मला खोक्यात ठेवलं. ती रडली नाही, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं.

आता मी शहरातल्या कपाटात आहे. इथे माझ्या काचा पुसतात, अंगावर कापड घालतात, यादीत माझ्यापुढे 'उत्तम स्थितीत' असं लिहितात. मित्रांनो, वस्तू जपा, असं आम्ही वस्तू नेहमी सांगतो. मी आज तसं सांगणार नाही. मला खुशाल चरे पडू द्या, माशाचा वास लागू द्या, पण एफीकडे पाठवा. ती तिकडे नुसत्या डोळ्यांनी खवले न्याहाळत बसली असेल, आणि मी इथे उत्तम स्थितीत आहे.