रिकाम्या फळीची वीज

बिल आलं आणि आमच्या ह्यांनी भट्टी विकायचं जाहीर केलं. काच वितळवायची विजेची भट्टी, जिन्याखालच्या खोलीतली, माझी आणि धाकट्या जावेची सामाईक. दोघी तिच्यात काचेच्या बशा करून विकतो. खाली आम्ही राहतो, वर ती.

ह्यांचा हिशेब सोपा होता. भट्टी तीन किलोवॉटची, बशा आत ठेवल्यापासून बाहेर काढेपर्यंत चोवीस तास, म्हणजे बहात्तर युनिट. "घर धुऊन नेणार ही भट्टी," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "अहो, ती काय चोवीस तास वीज ओढते? हवी तेवढी तापली की तारा आपोआप बंद, जरा उतरली की पुन्हा चालू. निवताना तर बहुतेक वेळ नुसती बसून असते."

"बोलून युनिट कमी होत नाहीत."

मग मीही हट्टाला पेटले. खालच्या मीटरवरचं बाकी सगळं बंद केलं. फ्रीज, पंखे, ह्यांचा टीव्हीसुद्धा. आकडा टिपला, भट्टी लावली, निवल्यावर पुन्हा टिपला. बावीस युनिट! घामाघूम झालेल्या ह्यांनी आकडा दोनदा वाचला. "बरं. पण बशी परवडायला हवी. नाहीतर विकायचीच."

मी खुशीत भागाकार करायला बसले आणि तोंड उतरलं. बशा चारच. बशीची निम्मी किंमत नुसत्या विजेत जात होती.

भट्टीतल्या फळीवर आठ मावतात. चारच का, ते मला ठाऊक होतं. मागे धाकटीला दम निघाला नाही, भट्टी निवायच्या आत तिने झाकण उचललं आणि माझं मोठं ताट तडकलं. मी तिला नको नको ते बोलले. तेव्हापासून आम्ही वार वाटून घेतले, माझ्या चार बशा वेगळ्या, तिच्या चार वेगळ्या. भट्टीला त्याचं काय? फळी अर्धी असो की भरलेली, वीज जवळपास तेवढीच.

हिशेबाचा कागद घेऊन वर गेले. तिने दारातच उभ्याने वाचला.

"म्हणजे एकत्र लावली तर भट्टी राहते."

"राहते. पण तुझी काच वेगळ्या जातीची. माझ्या काचेत वितळली तर दोन्ही तडकतील."

"वितळवायची कशाला? शेजारी ठेवू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "विजेपायी आलात तर, ताई."

"हो," मी म्हणाले, पण राहवेना. "नाही गं. विजेचं निमित्त. तुझ्याशिवाय त्या खोलीत करमत नाही मला. बशी छान उतरली तर दाखवू कोणाला? ह्यांना?"

ती आत गेली. मी दारातच थांबले. ती आली ती दोन्ही हातांत भट्टीत लावायच्या काचा मांडलेला ट्रे घेऊन.

"मलाही नाही करमत," ती म्हणाली. "दार धरा आता, माझे हात मोकळे नाहीत."