एक ओघळ राहिला होता

साबणाचं पाणी तिसऱ्यांदा काळं झालं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. सव्वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला काळं पाणी बघून जे समाधान मिळतं, ते इतरांना सांगून कळायचं नाही. जुना दातांचा ब्रश घेऊन मी बाबांच्या त्या वीतभर आगगाडीच्या इंजिनाची चाकं घासली, धुराडं घासलं, मागच्या पाण्याच्या टाकीचे कानेकोपरे घासले. आतली मोटर काढून ठेवलेली आहे ना, हे आधी बघून घेतलं. तेवढी अक्कल मला आहे. मग टॉवेलवर ते वाळत ठेवलं. काळंकुळकुळीत, चकचकीत, दुकानातून आत्ताच आणल्यासारखं.

आईला जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि घर आवरण्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. औषधांच्या बाटल्या टाकल्या, चादरी उकळल्या, खाट हलवली. खाटेशेजारच्या स्टुलावर हे इंजिन होतं, काजळीनं आणि विटकरी धुळीनं माखलेलं. बाबांची इंजिनं मळकीच असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण फळीवरच्या इंजिनांचा मळ हाताला लागत नाही. याचा लागत होता. म्हणजे ही खरी घाण, असा माझा हिशेब.

बाबा फिरून आले. चपला काढता काढता त्यांची नजर टॉवेलवर गेली. एक चप्पल पायात तशीच राहिली.

“स्वच्छ झालं,” ते म्हणाले.

“किती घाण निघाली माहितीये? तीनदा पाणी बदललं.”

“हो. तू केलंस म्हणजे चांगलंच केलं असशील, सिस्टर.”

घरात मला सिस्टरच म्हणतात. मी नर्सिंगला गेले त्या दिवसापासून.

बाबांनी आयुष्यभर टपाल खात्यात पत्रं वेगळी केली. ही इकडे, ती तिकडे. घरी आले की खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचे आणि लोकांची छोटी आगगाडीची इंजिनं मळवायचे. दूरदूरचे शौकीन कोरी करकरीत इंजिनं पाठवायचे आणि बाबा ती वीस वर्षं धावल्यासारखी करून परत द्यायचे. कुठे गंज, कुठे तेलाचा डाग, कुठे फायरमनच्या हातानं गुळगुळीत झालेला दांडा. लागणारी भुकटी आई करून द्यायची. वीट कुटायची, राख चाळायची, दिव्याची काजळी धरायची. “मी घर झाडते, हे इंजिनं मळवतात,” ती पाहुण्यांना सांगायची. “दोघांनाही काम कमी पडत नाही.”

संध्याकाळी घड्याळवाले काका आले. चौकातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांचं, आणि बाबांचा हा नाद त्यांनाही लागलेला. त्यांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. इंजिन न्यायला आले होते. मी चहा घेऊन बाहेर आले तर ते इंजिन हातात धरून आ वासून उभे.

“अहो पोस्टमास्तर, हे काय? कुणी धुतलं हे?”

“मीच,” बाबा म्हणाले. “मनासारखं उतरलं नव्हतं.”

“मनासारखं नव्हतं? दोन वर्षं! वहिनी खाटेवर पडून सांगत होत्या आणि तुम्ही एकेक डाग लावत होता, मी डोळ्यांनी बघितलंय. त्यांचे ड्रायव्हर वडील चालवायचे ते इंजिन हे, डागासकट हुबेहूब! आता कोण सांगणार कुठे काय होतं?”

“चहा घ्या. निवतोय.”

कप मी कसे खाली ठेवले, मला आठवत नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटायची सोय नव्हती. ते दोन वर्षं चाललं होतं त्यातले शेवटचे चार महिने मी रजा घेऊन त्याच खोलीत होते. बाबांचा कुंचला दिसायचा, आईचं पुटपुटणं कानावर पडायचं. मला वाटायचं, बरं झालं, म्हाताऱ्यांचा वेळ जातोय.

काका रिकाम्या हातानं गेल्यावर मी म्हणाले, “तुम्ही मला ओरडला का नाहीत?”

“ओरडून काय झालं असतं? मळ परत आला असता?”

“पण फळीवरच्या इंजिनांचा मळ तर निघत नाही, बाबा!”

“त्यावर वॉर्निश मारलेलं असतं. याच्यावर मारायचं होतं.” त्यांनी टाकीच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. “एक ओघळ राहिला होता.”

मला रडू फुटलं. बाबांनी रुमाल दिला. त्यालाही काजळी लागलेली होती. माझं तोंड पुसून झाल्यावर ते माझ्या काळ्या झालेल्या गालांकडे बघून पहिल्यांदा किंचित हसले. “तुझ्या आईनं हे बघायला हवं होतं,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबल मांडलं. मी वीट कुटायला बसले. “जाड आहे,” ते म्हणाले. परत कुटली. “अजून जाड.” तिसऱ्यांदा मलमलच्या फडक्यातून चाळून दिली, तेव्हा चिमटीत धरून बघितली आणि वाटीत ओतून घेतली. इतकं कठोर परीक्षण आमच्या मेट्रनबाईंनीही कधी केलं नव्हतं.

आठ दिवस ते बसले. धुराड्यामागे काजळी, चाकांच्या आसाशी तेल, पायरीवर बुटांनी खरवडलेला पत्रा. मी धास्तावून विचारायची, “आठवतंय ना?” ते म्हणायचे, “मला नसेल, हातांना आहे. सासऱ्यांचं इंजिन आहे हे. इतकं विसरून चालेल का?” आणि खरंच, इंजिन दिवसेंदिवस जुनं होत गेलं. नवव्या दिवशी सकाळी ते अगदी धुण्याआधीसारखं दिसायला लागलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

दुपारी बाबांनी हाक मारली. चुना कालवलेली वाटी पुढ्यात होती, हातात बारीक कुंचला.

“सिस्टर, बस जरा. तुला एक विचारायचंय.”

मी बसले.

“टाकीत पाणी भरताना वरून सांडायचं. पाण्यात चुना फार, म्हणून पत्र्यावर पांढरा ओघळ धरायचा. एकाच बाजूला. तुझी आई लहानपणी वडिलांचा डबा घेऊन जायची, ती त्याच बाजूला खाली उभी असायची. फ्रॉक भिजायचा. वडील वरून मुद्दाम हात घालून आणखी उडवायचे.” ते कुंचला वाटीच्या कडेला फिरवत राहिले. “पण डावीकडून की उजवीकडून, ते तिला आठवेना. सारखं घोकायची. त्या दिवशी सकाळी म्हणाली, आज नक्की आठवेल, संध्याकाळपर्यंत सांगते. मी दुपारी औषध आणायला गेलो. आलो तेव्हा तिला शुद्ध नव्हती.”

मला पुढचा प्रश्न कळला होता.

“त्या दुपारी तू होतीस तिच्यापाशी. काही म्हणाली का गं?”

मी म्हणाले, “वहीत बघते.” आणि आतल्या खोलीत गेले.

आईची वही मी वॉर्डासारखी ठेवली होती. तारीख, वेळ, ताप, नाडी. चार महिन्यांत एक रकाना रिकामा नव्हता. ते पान सापडायला वेळ लागला नाही.

“३.४०. ताप १०२. असंबद्ध बोलते. पाणी दिलं. कूस बदलली, डावी.”

मग सगळं आठवलं. आई म्हणत होती, पाणी, पाणी. मी चमच्यानं पाणी पाजलं, तिनं तोंड फिरवलं. मग म्हणाली, “या बाजूनं. अगं, या बाजूनं.” पांघरुणाखाली हात हलत होता. कोणता, ते मी बघितलं नाही. वळायचं असेल म्हणून मी तिची कूस बदलली. आधी ती उजव्या कुशीवर होती, म्हणून डाव्या. ती माझ्याकडे बघून हसत होती. तापात हसतात माणसं, अशी मी शेकडो पाहिली आहेत. तिला आठवलं होतं, म्हणून ती हसत होती. मी नाडी मोजत घड्याळाकडे बघत होते.

मी वही मिटून बाहेर आले.

“डावी,” मी म्हणाले. “डावी लिहिलंय.”

“ती म्हणाली तसं?”

“हो.”

खोटं बोलले की माझे कान लाल होतात. लहानपणी आई साखरेच्या डब्याकडे न बघता माझ्या कानांकडे बघायची. बाबांनी चष्म्यावरून एकदा तिकडेच पाहिलं. वही मागितली नाही.

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी कुंचला चुन्यात बुडवला, वाटीच्या कडेला निथळवला आणि टाकीच्या डाव्या अंगावरून एक बारीक, वाकडातिकडा ओघळ खाली आणला. हात जराही हलला नाही. सुंदर उतरला होता. मग ऊन टेबलावरून सरकेपर्यंत आम्ही दोघं तो वाळायची वाट बघत बसलो, आणि त्यांनी वॉर्निश मारलं. आता ते कुणी कितीही घासलं असतं तरी निघालं नसतं.

काकांना त्यांनी निरोप पाठवला की हे इंजिन प्रदर्शनाला देणार नाही. फळीवर मधली जागा केली. फळीवरची सगळी इंजिनं डावी बाजू खोलीकडे करून उभी असतात. ही बाबांची जुनी शिस्त, मी ती कधी मोडलेली पाहिली नाही. हे एकच त्यांनी फिरवून ठेवलं. ओघळ भिंतीकडे.

बाबा हात धुवायला आत गेले, आणि नळ बराच वेळ चालू होता.