एकशे तीनच्या रेघेवर

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेची नळी, आत पारा, अंगावर बारीक रेघा. कारखान्यात दोनदा तपासणी झाली, तेव्हा कुठे मला डबीत जागा मिळाली. खोटं बोलणं मला जमत नाही, याचा थोडा तोराही आहे म्हणा ना.

मित्रांनो, १९९३ साली जयराम नावाच्या शेतकऱ्यानं मला माणिकपूरच्या औषधाच्या दुकानातून आणलं, ते त्याच्या धाकट्या मुलासाठी, हरेशसाठी. वसईच्या खाडीकाठच्या त्या घरात माझं कोण कौतुक! हरेश नुसता शिंकला तरी त्याची आई, धोंडूबाई, मला बाहेर काढायची. तिला आकडे वाचता येत नसत. ते काम थोरल्या हेमांगीचं. ती मला झटकायची, भावाच्या काखेत धरायची, खिडकीशी नेऊन वाचायची, धुऊनपुसून डबीत घालायची. इतक्या निगुतीनं मला पुन्हा कुणी हाताळलं नाही. तिचा स्वतःचा ताप मात्र आई हातानंच बघायची.

हेमांगी तेरा वर्षांची झाली त्या वर्षी, भातलावणीच्या दिवसांत, तिचं अंग फार दुखू लागलं. तिनं स्वतःच मला जिभेखाली धरलं. पारा एकशे तीनवर गेला. तिनं आईला सांगितलं, तर धोंडूबाई हसली.

"बघनारी तूच, सांगनारी तूच. चल, लावनी रायलीय."

पोरगी तशीच चिखलात उतरली. मी डबीत खरा आकडा धरून बसलो होतो. चौथ्या दिवशी ताप डोक्यात गेला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. हेमांगी गेली.

जयराम मला फेकून द्यायला निघाला. धोंडूबाईनं त्याचा हात धरला.

"त्याचा काय गुना? पोर खरं बोलली, मी ऐकलं नाय."

पुढे हरेश शाळेत जाऊ लागला, तेव्हा ती त्याच्याकडून आकडे शिकली. महिनाभर मला उजेडात फिरवत बसायची. पाऱ्याची रेघ पहिल्यांदा दिसली, त्या दिवशी ती पोटभर रडली.

मग एकदा शेजारची संपदा कामाला उठेना. घरचे म्हणाले, सोंग करते. धोंडूबाई मला घेऊन गेली, स्वतः एकशे दोन वाचलं आणि रिक्षा करून पोरीला डॉक्टरकडे नेलं. संपदा बरी झाली. आता आळीतल्या पोरी आपणहून आमच्या ओटीवर येतात, आणि वापरून झाल्यावर मला धुतो कोण, तर जयराम. माझ्या रेघा पुसट झाल्यात, पण म्हातारपण सुखात चाललं आहे.

मित्रांनो, मला जपून ठेवा, खाली पाडू नका. आणि घरातली मुलगी "मला बरं वाटत नाही" म्हणाली, तर तिच्यावर विश्वास ठेवायला माझी वाट पाहू नका.